तोमासाच्या खिडकीतला दिवा

दिवा लावून, खांद्यावर ठेवणीतली शाल घेऊन तोमासाने खिडकी उघडली, आणि बाहेर गाणाऱ्या मारियाची वादकांपैकी एकानेही तिच्याकडे पाहिलं नाही. सगळे शेजारच्या यारेलीच्या खिडकीकडे तोंड करून उभे होते. हातात फुलं घेऊन यारेलीसाठी गाणं आणलेला तरुणही तिकडेच बघत होता.

मेक्सिकोत, ग्वादालाहारातल्या आमच्या गल्लीत ही जुनी रीत. आवडत्या बाईच्या खिडकीखाली गाणं आणायचं आणि आत दिवा लागला की होकार समजायचा. तोमासाने न विचारताच होकार देऊन टाकला होता. कुणाला, तेही सगळ्यांना कळलं. वादकांत निकानोर होता, ढोल्या पोटाची मोठी गिटार, गितारोन, छातीशी धरून. तिच्या दिव्याचा उजेड रस्त्यावर पडताच त्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

समोरच्या गच्चीवरून कुणीतरी तिला नेहमीच्या अदबीच्या हाकेनेच चिडवत ओरडलं, "दोन्या तोमा, तुमची पाळी नंतर हं!" हशा पिकला. हसणाऱ्यांत मीही होतो.

तिने दिवा घालवला. भिंतीला टेकून तिला ते गाणं शेवटपर्यंत ऐकावं लागलं: मोडलेलं मन कुणाच्या तरी मायेने पुन्हा सांधलं गेल्याचं. नवरा सोडून गेल्यापासून रेडिओवर ते लागलं की तिचा हात थांबायचा. निकानोर रोज दुपारी तिच्या खाणावळीत जेवायचा. मक्याचं रसदार पोसोले ओरपता ओरपता तोच एकदा म्हणाला होता, "हेच गाणं घेऊन येतो एक दिवस तुमच्या खिडकीखाली." बोलायला काय जातं! बाईने मात्र ते जपून ठेवलं, आणि तेही या वयात. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी खाणावळ उघडावीच लागली, मका भिजत घातला होता. आम्ही ताटात बघून हसत होतो. तेवढ्यात निकानोर दारात आला. आज गितारोन नव्हती, टोपी हातात होती.

"बसा. गार होतंय," त्याच्याकडे न बघता ती म्हणाली.

तो बसला नाही. परत रस्त्यावर उतरला, खाणावळीला लागूनच असलेल्या तिच्या खिडकीखाली गेला आणि गायला लागला. काय तो आवाज! दुसरं कडवं विसरला, म्हणून पहिलंच पुन्हा म्हटलं. बसवाल्याने मुद्दाम हॉर्न वाजवला.

तोमासा तरातरा बाहेर आली. "बंद करा! कीव करायला आलात माझी?"

"कीव असती तर चांगला गाणारा पाठवला असता, दोन्या तोमा," तो घाम पुसत म्हणाला. "माझा गळा अख्ख्या चौकाला ठाऊक आहे. म्हणून तर मला मागे उभं करतात. काल तुमचा दिवा दिसला आणि मी मान खाली घातली. त्याचीच लाज वाटतेय."

"मग आता काय?"

"काल लोक तुम्हाला एकटीला हसले. आज त्यांना मला हसू द्या."

ती आत गेली. त्याने तेच कडवं पुन्हा धरलं, पुन्हा चुकला. हसायचं मात्र आता कुणाला सुचेना.

ऊन मी म्हणत होतं. खिडकीतला दिवा लागलेला आम्हाला आधी कळलाच नाही. डोळ्यांवर हात धरून पाहिलं, तेव्हा कुठे दिसला.