एकतीस नंबरचं खेचर

शेवटच्या धडधाकट दिवशी तिच्या बाबांनी एका खेचराच्या कानांवरून तिच्याशी वाद घातला. खेचर पितळेचं होतं, अंगठ्याएवढं, पाठीवर तोफेचं चाक घेतलेलं. दीडशे वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा पलटणीच्या टोपीवरचा तो बिल्ला. तीस वर्षं बिल्ले जमवूनही असा त्यांनी पाहिला नव्हता, म्हणून चार महिने ते त्याला खोटाच धरून चालले होते. भिंगाखाली घालून, तोलून, जुन्या छापील याद्यांशी ताडून अखेर त्या सकाळी त्यांनी त्याला संग्रहात घेतलं.

“घोडा छान आहे,” ती पेपरातून डोकं न काढता म्हणाली.

“घोडा? कान बघ की जरा! औषधाच्या दुकानात बसतेस म्हणून निभावतंय. जनावरांच्या दवाखान्यात असतीस तर काही खरं नव्हतं.”

मग त्यांनी त्यांचा नेहमीचा गुन्हा केला. जाड सुईने बिल्ल्याच्या मागे नंबर कोरला, ३१. दुसऱ्या एखाद्या संग्राहकाला हे बघून घेरी आली असती. त्यांचं म्हणणं, चिठ्ठी गळून पडते, ओरखडा गळत नाही. त्यांच्या तीनची शेपटी नेहमी उगाचच लांब जायची.

दुसऱ्या दिवशी बूट घालता घालता ते गेले.

दोन महिन्यांनी ते आईला पुन्हा भेटू लागले. फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये, दर शनिवारी, साडेपाच ते सात.

भेट घालून द्यायचे कॅप्टन महाराज. कुठल्या सैन्यातले कॅप्टन, हे विचारायची पद्धत नव्हती. अंगात चकचकीत बटणांचा कोट, शेजारी पांढरे हातमोजे घातलेला शिष्य. त्याला सगळे हवालदार म्हणत. आधी महाराज साध्या नाण्यावर आत्मे बोलवत. आई जायला लागल्यावर महिन्याभरात नाण्याच्या जागी बिल्ला आला आणि गर्दी दुप्पट झाली.

“देह जातो, बिल्ला राहतो!” महाराज गरजायचे. “रणात पडलेल्या वीराचा हा बिल्ला! दोन जगांमधल्या फाटकावर दीडशे वर्षं पहारा देतोय! हा दिव्य अश्व तुमच्या माणसाला पाठीवर घालून आणतो!”

मग हवालदार तीर्थात भिजवलेल्या फडक्याने बिल्ला पुसून भक्ताच्या मुठीत ठेवायचा. मिनिट-दोन मिनिटांत मूठ तापायची. उघडली की बिल्ल्याच्या मागे करडी राख उगवलेली. निवृत्त पोस्टमास्तरांनी तर त्या राखेपुढे हात जोडून थोरल्या भावाची माफी मागितली होती, जमिनीच्या वादाबद्दल. भाऊ हयात असताना हे जमलं नव्हतं.

“त्यांचा हात असाच गरम असायचा गं,” आई म्हणाली.

मुलीने आईचा तळहात उलगडून पाहिला. लालबुंद झाला होता, कातडी सोलवटली होती.

“हे काय?”

“तेज आहे ते. सोसावं लागतं, महाराज म्हणाले. आणि या शनिवारी सगळे बिल्ले तिथे द्यायचेत. त्यांची तशी इच्छा आहे.”

“कोणाची? बाबांची?”

“हो. महाराजांच्या तोंडून सांगितलं त्यांनी.”

मेल्यावर बाबांना स्वतःचं तोंड उरलं नाही, हे तिला मान्य होतं. पण दुसऱ्याचं घेताना त्यांनी चार महिने चौकशी केली असती, एवढं नक्की.

शनिवारी आई बिल्ल्यांची पेटी मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसली. मुलगी पुढे गेली. हातरुमालावर बिल्ला घेतला आणि थबकली. कान खेचराचे होते. वजन मात्र बाटलीच्या झाकणाएवढं. मग तिने त्या हॉलमध्ये आजवर कोणी केलं नव्हतं ते केलं. राख उगवण्याआधीच बिल्ला उलटा करून नीट पाहिला.

मागे ३१ होतं. तीनची शेपटी लांब.

आई धावत आली. “बघ! त्यांचं अक्षर! आता तरी पटलं?”

हॉल शहारला. महाराजांनी हा आकडा कधी पाहिलाच नव्हता. क्षणभर त्यांचाही स्वतःवर विश्वास बसल्यासारखा दिसला. मग ते सावरले. “आत्म्याने सही केली!”

“आई, आपला एकतीस नंबर यांच्याकडे आला होता?”

“आशीर्वादाला दिला होता. आठ दिवसांनी परत केला की त्यांनी. हा त्याचा जोडीदार, म्हणाले.”

मुलीने पेटीतून अस्सल एकतीस काढला आणि दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. तोच ओरखडा, तीच शेपटी. फक्त महाराजांचं खेचर केसभर लहान.

“साच्यात ओतलेला धातू थंड होताना आकसतो,” ती म्हणाली. “म्हणून नक्कल अस्सलापेक्षा लहान भरते. का मेल्यावर माणसाचं अक्षर आकसतं, महाराज?”

“शंकेखोरांना तेज दिसत नाही!”

“पण गरम होतो त्याचं काय?” पोस्टमास्तर उठले. “माझ्या हातात झालाय हो!”

प्रश्न रास्त होता. तिने इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात हवालदाराचा डबा होता, वरून चंदेरी कागद गुंडाळलेला. तिने त्याचा तुकडा फाडला, पिनेने खरवडून बशीत ठेवला.

“हवालदार, याला तीर्थ लावा. हातमोजे काढून.”

“काढून नाही लावणार,” हवालदार पटकन बोलून गेला.

मग तिनेच चिमट्याने फडकं धरून लावलं. थोड्या वेळाने कागदावर करडी राख उगवू लागली. पोस्टमास्तरांनी बशीला खालून बोट लावलं. “तापली की हो! हा कोणाचा आत्मा?”

“हवालदाराच्या जेवणाचा!” मागून कोणीतरी म्हणालं.

हसण्याच्या त्या कल्लोळात महाराज मागच्या जिन्याने दोन जगांपैकी एकात निघून गेले.

“तीर्थात पाऱ्याचा क्षार आहे,” ती म्हणाली. “ॲल्युमिनियमवर लागला की ते तापतं आणि त्याची राख होते. पितळेचं तसं होत नाही, म्हणून नक्कल ओतावी लागली. वरून सोनेरी रंग, मागे उघडा धातू. पारा विष आहे, कातडीतून आत जातो. सगळ्यांनी हात धुवा आणि उद्याच डॉक्टरांना दाखवा. तुमची माणसं खरी होती. त्यांना चमत्काराच्या दाखल्याची गरज नाही. कोणी मूठ मिटायला सांगितलं, तर मिटण्याआधी विचारा, आत काय ठेवताय. विचारल्याने कोणाच्या प्रेमाचा अपमान होत नाही.”

आई नळाखाली हात धरून कितीतरी वेळ उभी राहिली. मग जिन्याच्या पायरीवर बसली.

“म्हणजे ते आलेच नव्हते.”

“नाही.”

“एकदाही?”

“एकदाही नाही, आई.”

“तुझं बरं आहे बाई. तुला सगळं कळतं. तू रडलीसुद्धा नाहीस. माझा राग तेवढा केलास.”

मुलगी तिच्या शेजारी पायरीवर बसली.

“राग नव्हता गं. हेवा वाटत होता मला तुझा. तुझ्याकडे ते दर शनिवारी येत होते. माझ्याकडे एकदासुद्धा आले नाहीत. मला त्यांची फार आठवण येते, आई.”