कोरडी वाळू

मी ट्रे बोलतोय. मांजराच्या वाळूचा. नाकाला रुमाल लावायचं कारण नाही. आत्ताच मला घासून धुऊन उन्हात उभा केलाय आणि अंग वाळेपर्यंत मला दुसरं काम नाही. म्हटलं, तेवढ्यात चार शब्द बोलून घ्यावेत.

जन्माने मी प्लास्टिक. वितळलेला लगदा साच्यात पडला, वरून दाब आला आणि मिनिटाभरात माझं बालपण संपलं. रंग राखाडी, वीतभर खोल, अंगाने ऐसपैस. माझे सख्खे भाऊ कोणी पाव वाहायला गेले, कोणी रोपं वाहायला. मी एका कचेरीत लागलो. तिथे कोणीतरी माझ्या कडेवर जाड शाईने 'आवक' असं लिहिलं आणि बाहेरून येणारं सगळं टपाल माझ्यात पडू लागलं.

एकोणीस वर्षं मी लोकांच्या तक्रारी पोटात घातल्या. 'कृपया'ने सुरू होणारी पत्रं, 'अन्यथा'ने संपणारी पत्रं, आणि ज्यांना सुरुवात-शेवट काहीच नव्हता अशीही पत्रं. माझ्यासमोर हेडक्लार्क बसायचे. त्यांना सगळे तात्या म्हणत. तात्यांचा एक नियम होता आणि नवीन माणूस आला की चहाबरोबर तो त्याला पाजला जाई.

"आलेल्या कागदाला तीन दिवस हात लावायचा नाही. निम्मी प्रकरणं आपोआप मिटतात. उरलेल्यांतली निम्मी दुसऱ्या कोणाच्या तरी टेबलावर जातात."

आणि खोटं कशाला बोलू, मिटायची. या एका नियमावर तात्यांनी अख्खी नोकरी बिनडाग पार पाडली.

ते निवृत्त झाले त्याच सुमारास टपाल संगणकावर येऊ लागलं, त्यामुळे मीही निवृत्त झालो. कचेरीने तात्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. मला मात्र त्यांनी स्वतः मागून घेतलं. घड्याळ सहा महिन्यांत बंद पडलं.

घरी काकूंनी, म्हणजे तात्यांच्या पत्नीने, मला कांदे-बटाट्यांना दिलं. ते मला मानवलंही होतं. पण एक दिवस जिन्यात एक पिवळट, मरतुकडा बोका सापडला. काकूंनी त्याला उचलून आत आणला. तात्या वर्तमानपत्राआडून म्हणाले, "तीन दिवस बघू. आपोआप जाईल."

त्याला आता सहा वर्षं झाली. नियम फसू शकतो याचा हा पहिला पुरावा होता, पण कोणी त्याची दखल घेतली नाही.

बोक्याचं नाव पडलं ठोंब्या. बटाटे टोपलीत गेले, माझ्यात वाळू आली आणि न्हाणीघरात कमोडशेजारच्या कोपऱ्यात माझी बदली झाली. बदलीच्या विरोधात अर्ज करून काही होत नाही हे मला अनुभवाने ठाऊक होतं. शिवाय ठोंब्या कामाला चोख. सकाळी यायचा, पंज्याने वाळू चाचपायचा, डोळे अर्धे मिटून मोठ्या गांभीर्याने बसायचा आणि उठताना सगळं व्यवस्थित झाकून जायचा. दिवसातून तीनदा, ठरल्या वेळी. कचेरीत इतका वक्तशीर माणूस मी पाहिला नव्हता.

फक्त एक खोड होती. पाणी तो नुसतं बघायचा. वाटीसमोर बसून, एखाद्या प्रस्तावाचा विचार करावा तसा बघायचा आणि निघून जायचा. दिवसभर कोरडी बिस्किटं कुरतडायची आणि सोफ्यावर लोळायचं. काकू म्हणायच्या, "अंगाने भरलाय नुसता." अभिमानानेच म्हणायच्या.

न्हाणीघरात राहिल्याने मला माणसांचंही बरंच कळलं. दार लावलं की माणसाला वाटतं आपण एकटे आहोत. तात्या गेली दोन वर्षं दिवसातून आठ-दहा वेळा आत येत होते. कमोडसमोर उभे राहायचे. नळ बारीक सोडायचे. छताकडे बघायचे, गुणगुणायचे, नळ थोडा मोठा करायचे. कधी काम व्हायचं, कधी नुसतंच नळाचं पाणी जायचं. बाहेरून काकूंनी "अहो, काय करताय एवढा वेळ?" विचारलं की तात्या म्हणायचे, "चष्मा धुतोय!" आणि खरोखर धुवायचे. खोटं बोलायचं नाही, असा त्यांचा बाणा.

गेल्या थंडीत एका सकाळी ठोंब्या नेहमीच्या वेळी आला. बसला. उठला. मी वाट पाहत होतो. एक थेंब नाही.

दहा मिनिटांनी पुन्हा आला. पुन्हा तेच. दुपारपर्यंत त्याच्या अकरा खेपा झाल्या. बसायचा, पाठीची कमान करून जोर लावायचा, मग फरशीवर आडवा होऊन स्वतःला चाटत सुटायचा. एकदा एक गुलाबी थेंब पडला. एकोणीस वर्षं मी कागद झेलले, पण तातडीचं म्हणतात ते काय, हे मला त्या थेंबाने कळलं. आणि मला तोंड नाही.

काकूंनी दारातून पाहिलं. "अहो, ठोंब्याला बद्धकोष्ठ झालंय वाटतं. सारखा बसतोय."

"तीन दिवस बघू," तात्या म्हणाले.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त कंपाउंडर राहतात. जन्मभर दुसऱ्याने लिहून दिलेल्या पुड्या बांधल्याने आता स्वतःच्या मनाची औषधं देण्याची त्यांना फार हौस. ते वर आले, ठोंब्याकडे लांबूनच बघून म्हणाले, "चमचाभर एरंडेल. उद्या बघा कसा मोकळा होतो."

निम्मं एरंडेल काकूंच्या बाहीवर गेलं, उरलेलं कंपाउंडरांच्या शर्टावर. बोका मोकळा झाला नाही. अहो, अडलं होतं एकीकडे आणि ढकलत होते दुसरीकडे!

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू मला साफ करायला वाकल्या. आदल्या दिवशी त्यांनी फिरवलेल्या खुरप्याच्या रेघा कडेकडेला तशाच होत्या.

"वाळू एकदम कोरडी आहे," त्या पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं, एक काम वाचलं."

मला त्या क्षणी तडकावंसं वाटलं.

त्या गेल्या आणि तात्या आले. दार लावलं, नळ सोडला, छताकडे पाहिलं. तेवढ्यात आत दाराआडच्या कोपऱ्यात पडलेला ठोंब्या सरपटत माझ्याकडे आला. चढताना त्याचा पाय दोनदा घसरला. आम्ही तिघंच. तात्या उभे, ठोंब्या बसलेला, नळ चालू आणि दोघांचंही काम अडलेलं. ठोंब्याने मान वर केली आणि एक बारीक, चिरकी हाक मारली.

तात्यांनी खाली पाहिलं. आवळलेला जबडा, ताणलेल्या मिशा, कुठेच न बघणारे डोळे. हा चेहरा त्यांनी दोन वर्षं रोज बेसिनवरच्या आरशात पाहिला होता.

"अरे," ते हळूच म्हणाले, "तुझंसुद्धा?"

गुडघे कुरकुरत असताना ते खाली बसले आणि ठोंब्याच्या पोटाखाली हात घातला. तिथे लिंबाएवढा टणक गोळा होता. ठोंब्या त्यांना कडकडून चावला. तात्या ओरडले, पण चावल्याबद्दल नाही.

"अगं, चल! आत्ताच्या आत्ता! याचं पोट नाही, लघवी तुंबलीय!"

मांजर न्यायची पेटी घरात नव्हती. काकूंनी माझ्यातली वाळू ओतून टाकली, टॉवेल अंथरला, ठोंब्याला ठेवला, वर कपड्यांची जाळीदार टोपली पालथी घातली आणि दोरीने आम्हाला बांधलं. इतक्या वर्षांत बाहेर जाणारं टपाल मी पहिल्यांदाच वाहत होतो.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण हात पक्का. पोट चाचपून म्हणाल्या, "कधीपासून?"

"काल सकाळपासून. आम्हाला वाटलं, बद्धकोष्ठ," काकू म्हणाल्या.

"सगळ्यांना तेच वाटतं. बोक्याची लघवीची नळी पुढे दोऱ्याएवढी बारीक होत जाते. खड्यांचा चुरा नाहीतर चिकट स्राव अडकला की वाट बंद. मग विष रक्तात भिनतं. हृदयसुद्धा बंद पडतं." त्यांनी सुई भरली. "पण ओळखलंत कसं?"

तात्यांनी चष्मा काढला. घातला. पुन्हा काढला.

"अनुभव आहे," ते म्हणाले.

"कसला अनुभव?" काकूंनी विचारलं.

"ते चष्मा धुणं... नुसतं चष्मा धुणं नव्हतं."

काकू त्यांच्याकडे वळल्या. "दोन वर्षं? अहो, मला वाटलं तुम्हाला धूसर दिसतंय! लाजेने सांगत नसाल म्हणून मी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवलीय!"

"डोळे उत्तम आहेत."

"ते दिसतंयच. उद्या मोठ्या दवाखान्यात जायचं."

"तीन दिवस बघू की, म्हणजे..."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली नाही. ठोंब्याला भूल चढत होती. "आणखी एक दिवस बघितला असतात, काका, तर हा गेला असता," त्या म्हणाल्या.

तात्यांनी वाक्य पुरं केलं नाही. माझ्या माहितीत पहिल्यांदाच.

नळी घातली. स्टीलचं भांडं भरलं, दुसरं भरलं, उरलेलं माझ्यात आलं. लाल, गढूळ, दर्प असा की विचारू नका. मी आयुष्यात इतक्या आनंदाने काही स्वीकारलं नाही. पण रक्त तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मूत्रपिंडं दमलीत. खात्री देत नाही."

तीन दिवस ठोंब्या सलाइनवर पिंजऱ्यात होता आणि पिंजऱ्याखाली मी. रोज सकाळी तात्या-काकू यायचे. मधल्या दिवशी उशिरा आले. आधी मोठ्या दवाखान्यात जाऊन आले होते. तात्यांच्या हातात गोळ्यांची पिशवी होती आणि चेहऱ्यावर नेमणूक रद्द झाल्याचा भाव. "प्रोस्टेटची साधी वाढ आहे, औषधाने आटोक्यात येईल," काकूंनी डॉक्टरीणबाईंना परस्पर सांगून टाकलं. "लवकर आलात, म्हणाले. लवकर! मी काही बोलले नाही."

तिसऱ्या दिवशी ठोंब्याची नळी काढली. माझ्यात ताजी वाळू भरून मला पिंजऱ्यात सरकवलं. "आता स्वतःहून करतो का बघायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाही केली तर पुन्हा नळी. नाहीतर ऑपरेशन."

तासभर ठोंब्या माझ्याकडे पाठ करून बसला. काकू बाकावर टोपलीची दोरी बोटांना गुंडाळत होत्या. मग तो उठला, माझ्यात चढला, वाळू चाचपली, बसला.

"नळ सोडू का?" तात्यांनी कुजबुजत विचारलं.

"गप्प बसा हो!"

आणि मग वाळूत बारीक, अखंड, शहाणा असा आवाज झाला. काकू हसायला लागल्या आणि हसताहसता डोळे पुसू लागल्या. तात्यांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा ठोंब्याने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू म्हणत होता, जरा तरी लाज बाळगा.

आता घरात कोरडी बिस्किटं बंद. ओलं खाणं, चार खोल्यांत चार पाण्याच्या वाट्या. ठोंब्या बारीक झालाय आणि त्याबद्दल नाराज आहे. कंपाउंडर भेटले की सांगतात, "एरंडेलाने निदान वाट तरी दाखवली."

तुमच्याकडे बोका असेल तर माझं एवढंच मागणं आहे. तो ट्रेमध्ये वारंवार बसतोय आणि वाळू कोरडी राहतेय, असं दिसलं तर काम वाचलं म्हणून खूश होऊ नका. कोणाचा सल्ला घेत बसू नका. त्याला उचला आणि पळा.

माझ्या तळाला आता ओरखडे पडलेत, एका कोपऱ्यात बारीक चीर गेलीय. डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून परवा काकूंनी शेजारी दुसरा ट्रे आणून ठेवलाय. निळा, चकचकीत, जरा नाकाने कांदे सोलणारा. आपण इथे कशासाठी आलोत हे कळल्यावर पहिला अख्खा दिवस तो फुगून बसला. मी त्याला म्हटलं, पोरा, ओलं झाल्याचं दुःख करू नकोस. ज्या दिवशी कोरडा राहशील, त्या दिवशी बोंब मार. कोणाला ऐकू जात नाही, ठाऊक आहे. तरी मार.