दहा दिवसांनी पडणारा बर्फ

टफिनसाहेबांचा कुत्रा नुकताच माझ्या पायाशी आपलं काम उरकून गेलाय. आता थोडा वेळ तरी इकडे कुणी फिरकणार नाही, तेव्हा बोलून घेतो. मी दिव्याचा खांब. इंग्लंडच्या दक्षिणेला, समुद्रापासून फार लांब नाही अशा एका गावात, बीचक्रॉफ्ट रोडच्या वळणावर उभा आहे. छातीवर पत्र्याची पट्टी आणि तिच्यावर एकोणीस हा आकडा, एवढीच माझी ओळख.

तसे या रस्त्यावर इतरही खांब आहेत. पण माझ्याकडे बघतात तितकं टक लावून दुसऱ्या कुठल्या खांबाकडे कुणी बघत नाही. सुरुवातीला मला वाटलं, माझ्यात काहीतरी देखणं असणार. तो गैरसमज फार दिवस टिकला नाही.

माझा जन्म सिमेंटच्या कारखान्यात, साच्यात झाला. मला ट्रकवर आडवं घालून इथे आणलं, खड्ड्यात उभं केलं आणि डोक्यावर नारिंगी दिवा बसवला. त्या उजेडात सगळ्या मोटारी एकाच रंगाच्या दिसत आणि माणसं जरा बरी दिसत. सायकल शिकणारे माझ्यावर येऊन आदळले, प्रेमात पडलेले मला टेकून भांडले, हरवलेल्या मांजरांचे फोटो माझ्या अंगावर चिकटले. खांबाच्या नशिबी जे येतं ते सगळं मुकाट्याने झेललं. मग समोरच्या घरात गॉडफ्री पेनिफोल्ड राहायला आला आणि माझी शांतता गेली ती गेलीच.

गॉडफ्रीला मी एकेरीत बोलतो. रोज संध्याकाळी जो माझ्या डोळ्यात डोळे घालून बसतो, त्याला अहो-जाहो कुठवर करणार? त्याची सगळी नोकरी बसगाड्यांची वेळापत्रकं आखण्यात गेली. निवृत्त झाल्यावर आखायला काही उरलं नाही, म्हणून त्याने बर्फ हाती घेतला. लहानपणी एकदा त्याच्या दारात कमरेएवढा बर्फ साचला होता आणि शाळेला सुट्टी मिळाली होती. ती सुट्टी त्याला पुन्हा हवी आहे. आता त्याला शाळा नाही, नोकरी नाही, तरी हवी आहे.

आमच्या गावात हिवाळ्यात बर्फ पडत नाही. पडतो तो पाऊस, आणि तोही धड पडत नाही, नुसता हवेत लोंबकळत राहतो. पण हवामानाच्या मोठमोठ्या यंत्रांचे नकाशे आता घरबसल्या बघायला मिळतात. दिवसातून चार वेळा ताजे नकाशे निघतात, पुढच्या पंधरा दिवसांचे. हिरवं म्हणजे ऊब, निळं म्हणजे गारवा, आणि जांभळं म्हणजे गॉडफ्री खुर्चीतून उठून उभा राहणार.

थंडीची चाहूल लागावी म्हणून तो खिडकी फटभर उघडी ठेवतो. त्यामुळे त्याची बायको हिलरी घरात दोन स्वेटर घालून बसते आणि मला त्यांचं सगळं बोलणं ऐकू येतं.

"हिलरी! अगं ये लवकर, जांभळं आलंय!"

"कुठे?"

"रशियाकडून निघालंय. सरळ आपल्या डोक्यावर!"

"कधी पोचणार?"

"दहा दिवसांनी."

"मग तोवर खिडकी लाव."

हा संवाद मी इतक्या हिवाळ्यांत ऐकलाय की दिवा गेला तरी तो मला अंधारात म्हणता येईल. गंमत अशी, की ती थंडी कायम दहाच दिवसांवर असते. आज दहा, उद्या दहा, नाताळात दहा. मार्चमध्ये फुलं फुलायला लागली की गॉडफ्री म्हणतो, "यंदाचा हिवाळा थोडक्यात हुकला."

नकाशाचा आणि त्या घरातल्या जेवणाचा फार जवळचा संबंध आहे. सकाळी जांभळं दिसलं तर गॉडफ्री शीळ घालतो. दुपारी त्याचं हिरवं झालं की हिलरीच्या सूपमध्ये मीठ कमी पडलेलं असतं. ते यंत्र म्हणे एकाच दिवसाचे कितीतरी वेगवेगळे अंदाज काढतं. सगळ्यांत रिमझिम आणि एकात बर्फ असला, तर गॉडफ्रीला तो एकच अभ्यासपूर्ण वाटतो. शिवाय ऑक्टोबरपासून त्याच्या खुणा सुरू होतात. सायबेरियात बर्फ लवकर साचला, कुंपणावरच्या झुडपाला लाल फळं जास्त धरली, कांद्याची साल जाड निघाली. एकदा माझ्या दिव्याभोवती पांढरे किडे भिरभिरत होते, तर बर्फ समजून हा चपला न घालता बाहेर आला होता.

हो, माझ्याकडे तो बघतो तो त्यासाठी. अंधार पडला की बर्फाचे कण फक्त दिव्याच्या उजेडात दिसतात. म्हणून या देशातले सगळे बर्फवेडे संध्याकाळी पडदा सारून आपापल्या खांबाकडे बघत बसतात. लग्नाची बायको शेजारी चहा घेऊन बसलेली, आणि नवरा खांबाकडे डोळे लावून! मला अनेकदा हिलरीसमोर उभं राहायची लाज वाटली. पण खांबाने लाजून जायचं कुठे?

या मंडळींचा इंटरनेटवर एक कट्टा आहे. तिथे गॉडफ्रीचं नाव 'ध्रुवअस्वल'. आणि त्याचा हाडवैरी 'कोमट'. ध्रुवअस्वलाने जांभळा नकाशा टाकला की मिनिटभरात कोमट लिहिणार, "छत्री काढून ठेवा." गॉडफ्री ते मोठ्याने वाचतो आणि तिळपापड होतो.

"हा कोमट म्हणजे कुठल्यातरी कोंदट खोलीत कुजत पडलेला माणूस असणार. कुणी जवळ करत नसेल त्याला!"

नेमकं त्याच वेळी माझ्या पायाशी गॉडफ्रीच्या समोरच्या घरातले टफिनसाहेब फोनवर बोटं चालवत उभे असतात आणि आपल्या ग्रेव्ही नावाच्या कुत्र्याला सांगत असतात, "वाचलंस का? हा ध्रुवअस्वल नक्की बेकार पोरगा असणार. आईच्या घरात बसून आईस्क्रीम खाणारा."

ग्रेव्ही तंगडी वर करतो. दोघांविषयी त्याचं मत मला बरोबर वाटतं.

ध्रुवअस्वल आणि कोमट समोरासमोर राहतात हे फक्त मला आणि ग्रेव्हीला माहीत होतं. रस्त्यात भेटले की त्यांच्याइतके सभ्य शेजारी शोधून सापडायचे नाहीत.

"जरा ऊबच आहे, नाही?"

"हो ना. या दिवसांत इतकी ऊब!"

"बरंय मग."

"बरंय."

आणि घरी जाऊन एकमेकांची सालटी काढायची. माणसं समोरच्याला जे बोलत नाहीत ते न दिसणाऱ्याला बोलतात. मला तोंड असतं तर मी केव्हाच दोघांची ओळख करून दिली असती.

आता यंदाचं सांगतो. हिलरीची थोरली बहीण रोझमंड स्पेनमध्ये एका डोंगरातल्या गावी राहते. तिचा नवरा वसंतात गेला. हा तिचा पहिला एकटीचा नाताळ. हिलरी दरवर्षी म्हणायची, बहिणीकडे जाऊ या, आणि दरवर्षी दहा दिवसांनी बर्फ पडणार असायचा. यंदा तिने विचारलंच नाही. दोन तिकिटं काढली आणि सांगितलं.

"शनिवारी सकाळी निघायचं. रोझमंडला शब्द दिलाय मी. आपण दोघं."

"दोघं ना, दोघं. नक्की," गॉडफ्री म्हणाला. त्या दिवशी नकाशा हिरवा होता.

त्याच आठवड्यात नगरपालिकेची गाडी आली आणि तिने माझं डोकं बदललं. नारिंगी दिवा काढून पांढराफटक दिवा बसवला, वीज वाचते म्हणून. गॉडफ्री ड्रेसिंग गाऊनवर शिडीखाली येऊन उभा राहिला.

"अहो, नारिंगी उजेडात बर्फ काय सुंदर दिसतो! तुम्ही सगळी मजा घालवताय!"

शिडीवरच्या माणसाने खाली बघितलं. "कधी दिसला होता शेवटचा?"

गॉडफ्री आत निघून गेला. मलाही नवं डोकं आवडलं नव्हतं, पण मला कोण विचारतो.

आणि मग, काय सांगू, यंदा जांभळं खरंच जवळ यायला लागलं. दहाचे आठ झाले, आठाचे पाच. कट्ट्यावर नुसता कल्लोळ. गॉडफ्रीने फावडं आणलं. दुधाच्या इतक्या बाटल्या आणल्या की हिलरीने विचारलं, "शनिवारपासून हे दूध पिणार कोण?" तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "अजून एकदोन नकाशे येऊ देत, मग बोलू."

शुक्रवारी चार वाजताच अंधार पडला, आमच्याकडे पडतो तसा. पाचच्या सुमाराला हवेत काहीतरी उतरायला लागलं. जुन्या नारिंगी उजेडात त्या पावसाच्या भुरभुरण्याकडे कुणी ढुंकून बघितलं नसतं. पण माझ्या नव्या डोक्याखाली प्रत्येक थेंब पांढराशुभ्र चमकत होता, सावकाश तरंगत होता. मी ओरडून सांगायला हवं होतं की अरे वेड्या, हे पाणी आहे. समोरचा पडदा एका झटक्यात बाजूला झाला.

"पडला! हिलरी, पडला! बॅगा रिकाम्या कर!"

त्याने खिडकीतूनच माझा फोटो काढला, कट्ट्यावर टाकला, खाली लिहिलं, "हे बघ कोमट, डोळे असतील तर!"

कोमट त्या वेळी माझ्याच पायाशी उभा होता. टफिनसाहेबांनी फोनवर फोटो बघितला. चष्म्यावरचं पाणी पुसलं, फोटो मोठा केला. पट्टीवरचा एकोणीस आकडा दिसला. त्यांनी मान वर करून माझी छाती बघितली, तिथेही एकोणीस. मग हळूच मागे वळून समोरची खिडकी बघितली. खिडकीत फोन उंचावलेला गॉडफ्री.

"तुम्ही?" टफिनसाहेब ओरडले. "ध्रुवअस्वल तुम्ही?"

गॉडफ्री सपाता घालून बाहेर आला. "कोमट? मिस्टर टफिन, तुम्ही कोमट?"

"पेनिफोल्ड, माझ्या चष्म्यावरून पाणी ओघळतंय! पाणी!"

"ओलसर बर्फ आहे तो!"

"आमच्याकडे ओलसर बर्फाला पाऊस म्हणतात!"

दोन म्हातारे माझ्याभोवती फिरत भांडत होते. ग्रेव्हीचा पट्टा दोघांच्या पायात गुंडाळला गेला होता. मला हसू येत होतं, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात हिलरी बाहेर आली. तिने हात पुढे करून तळवा उजेडात धरला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि नवऱ्यासमोर नेला.

"हात लाव."

त्याने लावला.

"काय आहे?"

"आत्ता पाणी वाटतंय. पण रात्रीत वारा फिरला की…"

"गॉडफ्री, विमान सकाळचं आहे. येणार आहेस की नाही?"

तो वर बघायला लागला. माझ्याकडे. इतक्या वर्षांत त्याने माझ्याकडे नको तेव्हा खूप बघितलं, पण त्या क्षणी तरी नको होतं. बायको समोर हात पुढे करून उभी होती आणि हा गाढव खांबाला विचारत होता.

"जाणं दोन दिवस मागेपुढे होईल गं. हा बर्फ वाया कसा घालवायचा?"

हिलरीने हात कोटाला पुसला. सकाळी टॅक्सी माझ्या खाली थांबली, एक बॅग आत गेली, एक बाई बसली. दुसरी बॅग दारातच राहिली. दुपारच्या नकाशात सगळं हिरवं झालं होतं आणि जांभळं परत दहा दिवसांवर गेलं होतं.

नाताळ गॉडफ्रीने टफिनसाहेबांकडे केला. वैर संपलं, कारण भांडायला आता रस्ता ओलांडून जावं लागत होतं. शिवाय मला टफिनसाहेबांचं गुपित माहीत होतं. ज्याला बर्फ नको असतो तो रोज संध्याकाळी कुत्र्याच्या निमित्ताने खांबाखाली येऊन मान वर करत नाही. निराश व्हायला लागू नये म्हणून तो आधीच नाही म्हणून टाकायचा, एवढंच.

नाताळनंतर हिलरीचा फोटो आला. दोघे माझ्याखाली उभे राहून बघत होते. डोंगरातलं एक लहानसं गाव, छपरांवर, पायऱ्यांवर, संत्र्याच्या झाडांवर बर्फ. मधोमध दिव्याचा एक खांब, नारिंगी उजेडाचा, आणि त्याच्याखाली दोन म्हाताऱ्या बहिणी हातात हात घालून हसताहेत. त्या खांबाचा मला हेवा वाटला, हे कबूल करतो.

"नकाशात नव्हतं हे," गॉडफ्री पुटपुटला.

"स्पेनचा नकाशा बघितला होतात?" टफिनसाहेबांनी विचारलं.

गॉडफ्रीने फोन लावला. "हिलरी, तू परत कधी येणार?"

रस्ता सामसूम होता, त्यामुळे तिचा आवाज मलाही आला. आवाजात राग नव्हता.

"दहा दिवसांनी."

दहा दिवसांनी त्याने पुन्हा विचारलं. ती म्हणाली, दहा दिवसांनी. जानेवारी संपताना म्हणाली, दहा दिवसांनी. आता तो विचारत नाही. खिडकी मात्र लावून घेतो.

परवा फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी माझ्या डोक्याशी काहीतरी हलकंसं आलं. थेंब नव्हता. थेंब असा आडवातिडवा, विचार करत उतरत नाही. मग आणखी आले. ग्रेव्ही भुंकायला लागला. टफिनसाहेबांनी टोपी काढली, डोकं वर केलं, आणि रस्ता ओलांडून धावतच गॉडफ्रीची बेल वाजवली.

"पेनिफोल्ड! पडतोय! आईशपथ पडतोय!"

दार उघडलं. टफिनसाहेबांच्या खांद्यावर बर्फ होता, भुवयांत बर्फ होता. गॉडफ्रीने त्यांच्याकडे बघितलं नाही आणि वर माझ्याकडेही नाही. त्याने त्यांच्या खांद्यावरून मान लांब करून माझ्या पायाशी, जिथे टॅक्सी थांबते तिथे बघितलं.

"कोण आलंय?" त्याने विचारलं.

तुमच्यापैकी कुणी या रस्त्याने गेलात, तर त्याचं दार ठोठावून एवढं सांगा, की स्पेनचं विमान रोज सुटतं. मी सांगितलं असतं, पण तो आता माझ्याकडे बघत नाही.