राखेच्या बुधवारी आलेला माणूस

माझी मुलगी देल्मी हट्टी आहे. हट्ट माझ्याकडूनच घेतलाय, त्यामुळे मला बोलायची सोय नाही. गावच्या शाळेत ती तिसरीला शिकवते. आठवडाभर पाढे आणि शुद्धलेखन, आणि रविवार उजाडला की पिशवीत रेकॉर्डर, वही आणि गोड पावाची पुडी टाकून निघालीच दारोदार. लढाईत कोण कुठे पडलं, कोणी पुरलं, कोणी पाहिलं. हे काम तिला कोणी सांगितलेलं नाही. राजधानीहून विद्यापीठातले लोक एकदा आले, तिच्या वह्या चाळल्या, माझ्या हातच्या पुपुसा खाल्ल्या, फार महत्त्वाचं काम आहे म्हणाले आणि गेले ते गेलेच.

तिचा एक नियम आहे. एका गोष्टीला दोन साक्षीदार. एकाने सांगितलं की पेन्सिलीने लिहायचं, दुसऱ्याने तेच सांगितलं की शाईने. गावातल्या म्हाताऱ्या तिची थट्टा करतात. "माझं वय तेवढं पेन्सिलीने लिही गं बाई," म्हणतात. ती हसते, पण नियम मोडत नाही.

तिला शोधायचं होतं ते एकच. आमच्या चालातेनांगोच्या डोंगरात लढाईच्या वेळी बायकापोरांना लपवायला जमिनीत बिळं खणलेली असायची, तातू म्हणायचो आम्ही त्यांना. वरून गवत, आत काळोख. ओढ्याकाठच्या तातूत एकोणीस माणसं होती. त्यात माझी आई होती, आणि तिच्या मांडीवर नऊ महिन्यांची देल्मी होती. मी रेडिओ घेऊन बंडखोरांच्या तुकडीबरोबर पलीकडच्या डोंगरात. देल्मीला डांग्या खोकला झाला. खोकणारं पोर सगळ्यांना मारील, म्हणून आतल्या बायकांनी सात फेब्रुवारीला तिला बाहेर काढलं आणि एका बाईबरोबर माझ्याकडे पाठवून दिलं. नऊ तारखेला लष्कर आलं. शोधत नाही आलं, सरळ आलं. गवत बाजूला केलं आणि आत हातबॉम्ब टाकले.

जागा कोणी दाखवली, हे देल्मीला हवं होतं. "मला मारायला कोण निघालं होतं, एवढं तरी मला कळायला नको का, आई?" असं म्हणायची. मी म्हणायची, कळून काय करणार आहेस, त्याचं लोणचं घालणार आहेस का. चाळीस वर्षं मी अशीच उडवाउडवी करत आले.

गेल्या वर्षी जानेवारीत ती दारात आली तेव्हा मी तव्यावर तोर्तिया टाकत होते. चेहरा पांढराफटक.

"आई, हात धू."

"तोर्तिया करपतील."

"करपू दे."

एका मेलेल्या सार्जंटची पेटी त्याच्या बायकोने हिला उघडून दाखवली होती. त्यात सापडलेला कागद तिने माझ्यापुढे धरला. कार्बनची प्रत, निळी, पुसट. देल्मीने मोठ्याने वाचलं. "नऊ फेब्रुवारी. बंदी, टोपणनाव आमिल्कार, बोलता झाला. पथकाबरोबर येऊन जागा दाखवली." बस, इतकंच. बंदी कधी पकडला, खरं नाव काय, काही नाही.

आता हे सांगायला हवं. आमच्यात खरं नाव कोणी वापरत नसे. प्रत्येकाला लढाईचं नाव. आणि माणूस पडला की त्याचं नाव आम्ही वाया जाऊ देत नव्हतो. नवा कोणी सामील झाला की त्याला सगळ्यांसमोर उभं करून ते नाव द्यायचं. मोठा मान होता तो. नावं लिहून ठेवायचं काम माझं, अक्षर बरं होतं म्हणून.

आमच्या तुकडीत आमिल्कार दोन झाले. पहिला रोसेन्दो, देल्मीचा बाप. दुसरा लिनो मेन्हीवार, जो अजून गावात होता, डोंगरावरून येणारे पाण्याचे पाइप दुरुस्त करायचा. रोसेन्दो कांदेलारियाच्या सणाला, दोन फेब्रुवारीला, नदी ओलांडताना गोळी लागून पडला आणि वाहून गेला, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. चौकात पडलेल्यांच्या नावांची भिंत आहे, तिच्यावर पहिल्याच ओळीत त्याचं नाव आहे. सांगितलं कोणी? मी.

देल्मीने रेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं.

"बाबा दोन तारखेला गेले. हो ना?"

"हो."

"मग लिनोला ते नाव तू कधी दिलंस?"

लिनो आला राखेच्या बुधवारी, ईस्टरआधीचे उपास सुरू होतात त्या दिवशी, मार्चमध्ये. तातू जळून महिना होत आला होता. लष्कराने जबरदस्तीने भरती केलेलं पोरगं, बराकीतून पळून आलेलं, पायात लष्कराचे बूट आणि कपाळावर पाद्रीबाबांनी लावलेला राखेचा क्रूस. हे एवढं वाक्य मी बोलले असते, तर नऊ तारखेला आमिल्कार एकच होता हे तिसरीच्या पोरालाही कळलं असतं.

आणि मला ते चाळीस वर्षं माहीत होतं. रोसेन्दो नदीत पडला नव्हता, जिवंत सापडला होता. नऊ तारखेला पहाटे मी लष्कराचा रेडिओ ऐकत होते तेव्हा कानात आलं, आमिल्कार बोलला, पुढे आहे, वाट दाखवतोय. हेडफोन माझ्या एकटीच्या कानावर होते. नंतर मी नदीची गोष्ट रचली. लोकांनी मानली, कारण त्यांनाही तीच हवी होती.

देल्मी माझ्या तोंडाकडे बघत होती. पोरगी बाहेर काढलीय हे रोसेन्दोला कुठून कळणार होतं? सात तारखेला तो त्यांच्या हातात होता. म्हणजे जागा दाखवली तेव्हा आपली मुलगी आत आहे असंच त्याला वाटत होतं. आता हे मी माझ्या लेकीला सांगू?

"कांदेलारियाच्या दुसऱ्याच दिवशी दिलं," मी म्हणाले. "तीन तारखेला."

"मग तो तुमच्यातच होता?"

"चार दिवस होता. मग नाहीसा झाला. एकदम राखेच्या बुधवारी उगवला. ताप आला होता म्हणाला."

एक खोटं बोललं की दुसरं आपोआप येतं, त्याला मेहनत लागत नाही. देल्मीने डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. चाळीस वर्षांची बाई, लहान मुलीसारखी रडली. म्हणाली, "आई, रस्ताभर मला वाटत होतं, बाबाच निघतील." मी तिला जवळ घेतलं.

मग तिने वही उघडली आणि माझं सांगणं शाईने लिहिलं.

"दुसरा साक्षीदार?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"तुमच्या तुकडीतले बाकी सगळे तर भिंतीवर आहेत. आणि तू आई आहेस माझी," ती म्हणाली.

नऊ फेब्रुवारीला दरवर्षी चौकात भिंतीसमोर गाव जमतं. प्रार्थना होते, मग मक्याची गरम आटोल वाटतात. त्या दिवशी देल्मीने माइक घेतला, कागद वाचला आणि पाठोपाठ माझं रेकॉर्डिंग लावलं. कर्ण्यातून माझाच आवाज आला. कांदेलारियाच्या दुसऱ्याच दिवशी.

लिनो मागे उभा होता, हातात आटोलचा पेला. त्याची बायको चायो शेजारी. चायोच्या दोन धाकट्या बहिणी त्या तातूत गेल्या, एक सहा वर्षांची, एक चार. सगळ्यांच्या माना वळल्या.

"मी राखेच्या बुधवारी आलो," लिनो म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. "तोवर कधी आलोच नव्हतो. निन्या एतेलला विचारा. तिनेच नाव लिहिलं माझं."

निन्या एतेल म्हणजे मी. वय झालेल्या बाईला आमच्याकडे अशीच मानाने हाक मारतात. सगळ्यांनी माना माझ्याकडे वळवल्या.

"वय झालंय त्याचं," मी म्हणाले. "तारखांचा घोळ होतो माणसाचा."

कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं, "शेवटी बराकीतलाच ना तो." चायोने लिनोच्या हातातला पेला काढून घेतला, आटोल जमिनीवर ओतली आणि रिकामा पेला टेबलावर नेऊन ठेवला. घरी जाऊन तिने त्याचे कपडे, टोपी आणि झोळणा अंगणात टाकला. सदतीस वर्षांचा संसार, सगळं मिळून एका पोत्यात मावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पोतं खांद्यावर घेऊन माझ्याकडे आला. देल्मी शाळेत होती. मी त्याला बस म्हटलं नाही.

"निन्या एतेल, माझ्या कपाळावरची राख तुम्ही पुसली होतीत," तो म्हणाला. "रुमाल ओला करून. लांबून दिसेल म्हणालात, आणि हसलात."

"मला नाही आठवत."

"आठवतं तुम्हाला." तो उंबऱ्यावरच बसला. "मी तेव्हा बराकीत पहाऱ्याला होतो. रोसेन्दोला पाणी मी पाजायचो. सहा दिवस बोलला नाही तो. नखं राहिली नव्हती, तरी नाही. हे तरी कुठेतरी लिहायला हवं होतं."

माझे हात पिठात तसेच राहिले.

"सातव्या दिवशी बोलला. पहाटे त्याला घेऊन निघाले, तेव्हा मी पाणी दिलं. प्यायला नाही. म्हणाला, माझी पोरगी आत आहे. तेवढंच परत परत. पथक परतलं, तो नाही आला. मी पळालो तो त्याच्यामुळे. आणि तुम्ही मला उभं करून नेमकं त्याचंच नाव दिलंत. मला वाटलं, बाईला काही माहीत नाही, कशाला तिचा जीव घ्या. म्हणून गप्प बसलो. तुम्हाला माहीत होतं हे मला काल कळलं."

"काल का नाही बोललास? चौकात?" मी विचारलं. आणि खरं सांगते, त्याचा राग आला मला. बोलला असता तर सुटले असते मी.

"देल्मी समोर उभी होती," तो म्हणाला. "चायोच्या बहिणी तर गेल्याच. ही वाचलीय, ही तरी राहू दे." उठताना गुडघ्याला हात लावून कण्हला. "तिला सांगू नका."

मी सांगणार नव्हतेच. पण त्याने ते माझ्याकडून मागून घेतलं, आणि माझ्या खोट्याला त्याचा आधार झाला. इतकी नीच आहे मी, की त्या क्षणी मला हलकं वाटलं.

तो ओढ्याकाठी जाऊन राहिला, जळलेल्या तातूच्या वरच्या अंगाला, पत्र्याच्या खोपटात. गाव मोठं न्यायी. त्याला कोणी मारलं नाही. दुकानात त्याचं मीठ काउंटरवर ठेवायचे, हातात द्यायचे नाहीत. पाइप फुटला की मात्र त्याच्या खोपटासमोर जाऊन "पाणी नाही" असं हवेत म्हणायचे आणि परत फिरायचे. तो यायचा, पाइप जोडायचा, जायचा. चायोच्या अंगणातला नळसुद्धा त्यानेच बदलला, ती घरात दार लावून बसली होती. त्याने आणलेलं पाणी आम्ही सगळे प्यायलो.

या ऑक्टोबरात तो वारला. तीन दिवस पाणी आलं नाही, म्हणून कोणीतरी बघायला गेलं, तेव्हा कळलं.

आमच्याकडे लढलेल्या माणसाच्या क्रूसावर दोन्ही नावं लिहितात, वर आईबापांनी दिलेलं, खाली लढाईतलं. लढलेल्यांची रांग वेगळी आहे. लिनोला त्या रांगेत जागा द्यायची नाही असं ठरलं, कुंपणापाशी खड्डा खणला. क्रूस रंगवायला गावात अजून मलाच बोलावतात. देल्मी फळी आणि काळा रंग घेऊन आली.

"नुसतं लिनो मेन्हीवार लिही," ती म्हणाली. "दुसरं नाव नको. ते बाबांचं आहे."

मी ब्रश हातात घेतला. मनात आलं, आता सांगावं. तो गेला, रोसेन्दो गेला, मीही आता किती दिवसांची. सहा दिवस तो बोलला नाही, इथपासून सुरू करावं. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्या अक्षराकडे बघत होती, लहानपणी बघायची तशी, हनुवटी टेबलाला टेकवून.

मी लिहिलं. लिनो मेन्हीवार. खाली जागा मोकळी राहिली, एका नावाची.

देल्मीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आजी त्या बिळात गेली, आणि तरी तू त्याचा क्रूस लिहितेस," ती म्हणाली. "तुझ्याएवढं मोठं मन मला नाही मिळालं, आई."

"नको मिळू दे," मी म्हणाले.

तिला ते विनयाचं बोलणं वाटलं. तिने पिशवीतून वही काढली, तारीख घातली आणि मी काय केलं ते लिहायला बसली.

"ह्याला दुसरा साक्षीदार नको," ती म्हणाली. "हे मी डोळ्यांनी पाहिलंय." आणि शाईने लिहिलं.