कापूस जळत होता, आकडा बरोबर होता

मित्रांनो, मी एक जुनी इ-सिगारेट आहे. माझं नाव ऐकून तुमच्या घरातले लोक नाक मुरडतील, आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. तरी माझ्या हातून काय घडलं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझ्या पोटात तारेचं बारीक वेटोळं आहे, त्याला कॉइल म्हणतात. तिच्याभोवती द्रवात भिजलेला कापूस. बटण दाबलं की तार तापते आणि द्रवाची वाफ होते. पण तार फार तापली तर कापूस जळतो आणि विषारी वायू निघतात. ते टाळायला माझ्यात एक चिप बसवली. तार तापते तसा तिचा विजेला होणारा विरोध वाढतो. त्यावरून मी उष्णता ओळखायची आणि हद्द आली की वीज तोडायची. मात्र थंड तारेच्या विरोधाचं माप मला आधी ठाऊक हवं. माझं सगळं गणित त्या एका मापावर उभं होतं, आणि त्याचीच मला सतत धास्ती वाटे.

अमेरिकेतल्या पार्सिपनी गावात राहणाऱ्या प्रितमने सिगारेट सोडण्यासाठी मला घेतलं. "यार, ही तर स्वतःच कंट्रोल करते!" असं तो मित्रांना कौतुकाने सांगायचा. मी फुलून जायचे.

मग नागपूरहून त्याची आई, रत्नाबाई, राहायला आल्या. प्रितम मला घेऊन गराजमध्ये लपू लागला. एका दुपारी झुरके मारून झाल्या-झाल्या त्याने साफ करायला तापलेली कॉइल काढली. तेवढ्यात आईची पावलं वाजली. घाईघाईने त्याने तीच गरम कॉइल परत बसवली. 'नवी कॉइल आहे का?' असं मी पडद्यावर विचारलं. न वाचताच त्याने 'हो' दाबलं. नवी म्हटली की मी ती थंडच आहे असं धरते आणि तिचं तेव्हाचं माप कायम करते.

मित्रांनो, त्या क्षणी मी तापलेल्या तारेला थंड समजले. पुढे तार कितीही भडकली, तरी मी पडद्यावर माझ्या हद्दीचा, चारशे तीस फॅरनहाइटचाच आकडा दाखवत राहिले. कापूस आतून तपकिरी होत होता आणि मला काहीच कळत नव्हतं.

प्रितम खोकू लागला. सकाळी आईबरोबर बुद्धवंदना म्हणताना त्याचा श्वास ओळीच्या मध्येच तुटायचा.

"काहून एवढा खोकलून राहिला रे बापू?" रत्नाबाईंनी विचारलं.

"पोलनची, फुलांच्या परागांची ॲलर्जी आहे, आई."

एका रविवारी त्याची धाकटी बहीण उपासना जेवायला आली. ती जवळच एका औषधांच्या लॅबमध्ये काम करते. पाण्याच्या बाटल्यांचा खोका घेऊन जिना चढताना प्रितम मध्येच बसला. त्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. उपासनाने त्याला तसंच गाडीत घातलं आणि अर्जंट केअरच्या दवाखान्यात नेलं. रत्नाबाईही गेल्या. मी त्याच्या खिशात होते.

"व्हेप करता का, इ-सिगारेट ओढता का?" डॉक्टरांनी विचारलं.

प्रितमने आईकडे पाहिलं. मग त्याने मला काढून टेबलावर ठेवलं. खोकल्याचं कारण एवढंच असेल असं डॉक्टरांनी म्हटलं नाही, पण मला बंद करायला मात्र ठामपणे सांगितलं.

घरी आल्यावर प्रितम पुटपुटला, "पण टेम्परेचर कंट्रोल ऑन होतं. चारशे तीसच्या वर कधी गेलंच नाही."

उपासनाने मला उघडलं. "दादा, आकडा सोड. हा कापूस बघ."

कापूस कोळशासारखा काळा होता. रत्नाबाईंनी तो चिमटीत धरला.

"मशीनला इचारून श्वास घेते का रे कोणी?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि लेकाच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

प्रितमने मला पुन्हा तोंडाला लावलं नाही. बरं व्हायला त्याला दोन महिने लागले. आता त्याने मला जुन्या बॅटऱ्या गोळा करणाऱ्या केंद्रावर आणून ठेवलं आहे. माझ्या बॅटरीत अजून जीव आहे. कुणी मला साध्या कचऱ्यात फेकलं आणि मी कचऱ्याच्या गाडीत चिरडले गेले, तर आग लागेल. म्हणून सांगते, माझ्यासारख्यांना कचऱ्यात टाकू नका, आणि हौस म्हणून हातातही घेऊ नका. मी नीट चालले असते, तरी माझी वाफ म्हणजे स्वच्छ हवा नव्हतीच.

आणखी एक. एखादं यंत्र 'सगळं ठीक आहे' म्हणेल आणि समोरचं माणूस खोकत असेल, तर माणसाचं खरं माना. त्या घरात तो खोकला सगळ्यांत आधी रत्नाबाईंनी ऐकला होता. मला तो कधीच ऐकू आला नाही.