कंपाउंडरच्या घरचं आंब्याचं

साबुदाण्याची खळ झाली होती. कंपाउंडरने पातेल्यात पळी उभी करून हात काढून घेतला, तर पळी तशीच उभी राहिली.

"काय झालं?" ओट्यावर डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनमधून लेकीने विचारलं.

"भिंतीला कागद चिकटवायला चांगलं आहे," कंपाउंडर म्हणाला.

"भिजवलात ना आधी?"

"मग? साबुदाणा भिजवतातच."

"यात नाही भिजवायचा, बाबा. कोरडाच टाकायचा, आणि तोही उकळत्या पाण्यात. आत्या काय म्हणायची? पाणी नाचायला लागल्याशिवाय हात लावायचा नाही. तुम्ही कधी ऐकलंच नाहीत."

ते खरं होतं. कंपाउंडर स्वयंपाकघराच्या दाराशी वाटी घ्यायला येई, तेवढाच त्याचा या पदार्थाशी संबंध. बाकी सगळं आक्काचं. आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. लग्न होऊन दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा गेला आणि ती एक शिलाई मशीन घेऊन भावाच्या घरी राहायला आली. पुढे कंपाउंडरची बायको तापाने गेली तेव्हा लेक नुकती भिंत धरून उभी राहायला शिकली होती. त्या दिवसापासून घर आक्काने चालवलं. शिवणही टिपलं, भाचीच्या वेण्याही घातल्या. गेल्या हिवाळ्यात तीही गेली. मागे मशीन राहिलं, आणि त्याच्यावर झाकलेली तिच्याच हातची फुलाफुलांची खोळ.

खरं तर कंपाउंडरने या भानगडीत पडायचं काही कारण नव्हतं. पण काल संध्याकाळी डॉक्टरांच्या सुनेचा फोन आला.

"काका, बाबा काही खात नाहीयेत हो. चमचाभर पेज तोंडात घेतात आणि मान फिरवतात. आज मीच वैतागून म्हटलं, मग तुम्हाला हवंय तरी काय? तर म्हणाले, कंपाउंडरच्या घरचं ते आंब्याचं मिळेल का. म्हणजे काय ते मला काही कळलं नाही. तुम्हाला कळतंय का?"

"कळतंय," कंपाउंडर म्हणाला. "उद्या घेऊन येतो."

फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं, की करायचं कसं ते आपल्याला ठाऊक नाही.

आता लेक तिकडे दुसऱ्या शहरात, ऑफिसला जायच्या घाईत एका हाताने केस विंचरत सांगत होती, आणि कंपाउंडर पातेलं घासून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होता. पाणी नाचायला लागलं. साबुदाणा टाकला, ढवळत राहिला. दाणे हळूहळू काचेसारखे झाले, मधे मात्र एकेक पांढरा ठिपका राहिला.

"ठिपका दिसतोय?"

"दिसतोय."

"मग गॅस बंद करा आणि झाकण ठेवा. तो ठिपका आपला आपण जातो. मग चाळणीत ओता आणि नळाखाली धरा, चांगला गार होईपर्यंत. नाहीतर पुन्हा खळ. मी निघते आता. नारळाचं दूध घट्ट काढा, बाबा. पाणी ओतून वाढवत बसू नका, ते काही मिक्श्चर नाही."

कंपाउंडर हसला. सगळं आयुष्य त्याने मिक्श्चरं तयार करण्यात घालवलं होतं. गुलाबी, पांढरं, कडू तपकिरी. बाटलीला कागदाची दातेरी पट्टी चिकटवायची, एका दात्याएवढा एक डोस. हल्लीच्या पोरांना ती पट्टी दाखवली तर सापाची कात वाटेल.

त्याने नारळ खवला, वाटला, फडक्यातून पिळला. पिळताना मनगट दुखलं. आक्का हे दर उन्हाळ्यात करायची आणि वर मशीनवर बसायची. दोन आंब्यांचा रस काढला, तिसऱ्याच्या फोडी केल्या. फोडी करून झाल्यावर आठवलं, की डॉक्टरांच्या तोंडात आता दात नाहीत. तेव्हा त्या फोडी उभ्या उभ्या स्वतःच खाल्ल्या. मग रस, दूध, साखर आणि साबुदाणा एकत्र करून पातेलं फ्रीजमध्ये ठेवलं आणि समोर खुर्ची ओढून बसला. बसण्याची गरज नव्हती. पण फ्रीज आणि हे आंब्याचं म्हटलं, की राखण करत बसायची त्याला जुनी सवय होती.

त्या काळी घरी फ्रीज नव्हता. सबंध गल्लीत फ्रीज एकच होता, डॉक्टरांच्या दवाखान्यातला, लशी ठेवायचा. त्याची किल्ली कंपाउंडरच्या कमरेला. एका दुपारी आक्का झाकणाचा डबा घेऊन दवाखान्याच्या मागच्या दाराने आली.

"हा संध्याकाळपर्यंत आत राहू दे."

"आक्का, त्यात लशी असतात."

"असू देत की. मी कुठं त्यांना हलवायला सांगतेय?"

आक्कापुढे त्याचं कधी चाललं नव्हतं. त्याने डबा खालच्या कप्प्यात, मागे सारून ठेवला. आणि नेमकं त्या दिवशी डॉक्टर स्वतः उठून इंजेक्शन काढायला आले. फ्रीजचं दार उघडून बराच वेळ वाकून उभे राहिले.

"हे कुठल्या कंपनीचं?" डॉक्टरांनी डबा बाहेर काढून विचारलं.

"घरचं आहे, डॉक्टर. बहिणीने केलंय."

डॉक्टरांनी झाकण उघडलं, वास घेतला. "डोस काय?"

"एक वाटी. जेवणानंतर."

"जेवणानंतरच का?"

डॉक्टरांनी औषधाचा चमचा उकळत्या पाण्यातून काढला आणि तिथंच, उभ्यानेच, तीन चमचे खाल्ले. मग कपाळाला आठी घालून म्हणाले, "लशींच्या फ्रीजमध्ये खाण्याचं ठेवायचं नाही. पुन्हा दिसलं तर तुझी गय करणार नाही."

पुढच्या उन्हाळ्यात दवाखान्यात दुसरा, छोटा फ्रीज आला. पेशंटना गार पाणी द्यायला, असं डॉक्टर म्हणाले. पाण्याची एकच बाटली त्यात असे. बाकीची जागा मोकळी.

मग दर उन्हाळ्यात ते आंब्याचं छोट्या फ्रीजमध्ये गार व्हायला लागलं, आणि रात्री दवाखाना बंद करताना एक वाटी डॉक्टरांच्या टेबलावर जायला लागली. डॉक्टरही एकटेच होते. बायको मुलाच्या बाळंतपणात गेलेली, मुलगा आजोळी वाढत होता. पहिली काही वर्षं ती वाटी कंपाउंडरच नेऊन ठेवी. मग एकदा आक्का म्हणाली, "दे इकडे, तू सांडतोस," आणि स्वतः घेऊन गेली. तो सांडत नव्हता. पण वाद घालावा एवढी मोठी गोष्ट नव्हती ती.

दुपार कलल्यावर कंपाउंडरने डबा ओल्या फडक्यात गुंडाळला आणि निघाला. डॉक्टरांचं घर दवाखान्याच्याच वरच्या मजल्यावर. खाली आता चष्म्याचं दुकान होतं. जिथं आपलं औषधं द्यायचं खिडकीवजा भोक होतं तिथं काचेत चष्म्यांच्या रांगा बघून त्याला आता काही वाटत नसे. जिना मात्र तोच होता, आणि कठडाही.

सुनेने दार उघडलं. "आलात? सकाळपासून दोनदा विचारलं त्यांनी."

डॉक्टर खिडकीशी पलंगावर उशांना टेकून बसले होते. माणूस एवढा लहान होऊ शकतो हे कंपाउंडरला माहीत होतं, जन्मभर बघितलं होतं. तरी दारात त्याचा पाय अडखळला.

"आणलंस?"

"आणलंय. साखर जरा बेतानेच घातलीय."

"कशाला? आता कुणाला घाबरायचंय?"

सुनेने वाटी आणि चमचा आणून दिला आणि ती आत कपड्यांच्या घड्या करायला गेली. कंपाउंडरने वाटी भरली. भरवायला पुढे झाला तर डॉक्टरांनी मान हलवली आणि वाटी आपल्या हातात घेतली. पहिला चमचा तोंडात घेऊन डोळे मिटले. कंपाउंडर बघत राहिला. गिळलं. दुसरा चमचा घेतला.

"साबुदाणा जमलाय," डॉक्टर म्हणाले. "मीठ विसरलास."

"मीठ? गोडात?"

"चिमूटभर. ती घालायची. त्याने आंबा वर येतो म्हणायची."

कंपाउंडर गोंधळला. एका घरात राहून, एका ताटातलं खाऊन त्याला ही चिमूट माहीत नव्हती. लेकीलाही नसावी, नाहीतर तिने सांगितलं असतं.

"तुम्हाला कसं माहीत?"

"विचारलं होतं मी तिला."

"मिठाचं?"

"मिठाचंही." डॉक्टरांनी तिसरा चमचा घेतला. "आणखी एक विचारलं होतं. तुझी मुलगी तेव्हा शाळेत जायला लागली होती. वाटी ठेवून ती निघाली होती, मी म्हटलं, बसा. बसली. मग मी विचारलं, माझ्या घरी याल का. कायमच्या."

आतल्या खोलीत सून चादर झटकत होती, त्याचा आवाज आला. कंपाउंडर पलंगाची दांडी धरून उभा राहिला.

"काय म्हणाली?"

"हसली. म्हणाली, आमच्या घरातलं एक माणूस तुम्ही आधीच ठेवून घेतलंयत, सकाळी आठला नेता ते रात्री नऊला सोडता. दुसरंही नेलंत तर पोरीला बघायचं कुणी?"

हे आक्काच बोलली असणार यात कंपाउंडरला तिळमात्र शंका वाटली नाही. तो आवाजसुद्धा त्याला ऐकू आला, दोऱ्याचं टोक दातांनी तोडत बोलल्यासारखा.

"मला बोलली नाही कधी," तो म्हणाला.

"मीही नाही बोललो. तिने सांगू नका म्हणून बजावलं होतं. म्हणाली, त्याला कळलं तर तो मला हाताला धरून तुमच्या दारात आणून सोडेल आणि घरी जाऊन दूध उतू घालवेल."

"सोडलंच असतं मी," कंपाउंडर म्हणाला. "मी काय परका होतो? पोरीला सांभाळायला बाई ठेवली असती. काहीतरी केलं असतं."

"माहीत होतं तिला. म्हणूनच."

कंपाउंडरला एकाएकी आक्काचा राग आला. मेलेल्या माणसाचा येऊ नये तसा, कडकडून. एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवून ती रोज समोर जेवायला बसली होती. त्याच्या पानात वाढत होती, त्याच्या सदऱ्याची बटणं लावत होती. मग त्याला आठवलं, वाटी द्यायला निघताना ती आरशापुढे थांबायची. ठेवणीतले कपडे घालायची, आणि कुणी विचारलं तर म्हणायची, रोजचे वाळले नाहीत.

"पुन्हा नाही विचारलंत?"

"विचारलं ना. तुझ्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी. म्हटलं, आता तर मोकळ्या झालात. तर म्हणाली, डॉक्टर, आता या वयात मी तिकडचे डबे कुठले आणि इकडचे डबे कुठले हे शोधत बसू का? वाटी येतेय ना दर उन्हाळ्यात? येत राहील." डॉक्टर थांबले. त्यांना धाप लागली होती. "आली बघ. शेवटपर्यंत आली. एकदाही चुकली नाही."

माफी मागायची तर कुणाची, आणि कशाबद्दल. कंपाउंडरने वाटीत बघितलं. निम्म्याच्या वर संपली होती.

"आणखी घालू?"

"घाल. मीठ आण जरा."

तो आत गेला, सुनेकडून मिठाचा डबा घेऊन आला, बोटांच्या चिमटीत चार कण धरून वाटीत सोडले आणि ढवळलं. डॉक्टरांनी चाखलं आणि मान डोलावली. मग चमचा त्याच्यापुढे केला. दवाखान्यात इतक्या वर्षांत त्याने डॉक्टरांच्या चमच्याने काही खाल्लं नव्हतं, पाणीसुद्धा त्यांच्या पेल्याने प्यालं नव्हतं. तो वाकला आणि चमचा तोंडात घेतला. आंबा खरंच वर आला होता.

"कळलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"कळलं."

वाटी संपवून डॉक्टर उशीवर कलले. हनुवटीवर पिवळा ओघळ आला होता तो कंपाउंडरने ओल्या फडक्याने पुसला. डोळे मिटले होते पण झोप लागली नव्हती.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. रोज इंजेक्शन द्यायला येणारी नर्स सुट्टीवर होती, तिच्या जागी दुसरीच आली होती, तरुण, घाईतली. तिने पिशवीतून सामान काढलं, डॉक्टरांच्या बाहीची घडी वर सारली आणि कंपाउंडरकडे बघितलं.

"तुम्ही पेशंटचे कोण?"

जन्मभर त्याच्याकडे या प्रश्नाला 'डॉक्टरांचा कंपाउंडर' हे एकच उत्तर होतं, झोपेतून उठवलं तरी आलं असतं.

"घरचा आहे," तो म्हणाला.

"मग जरा हात धरा त्यांचा. हलायला नको."

कंपाउंडर पलंगाच्या कडेला बसला. वाटी इतका वेळ धरून डॉक्टरांची बोटं अजून गार होती. त्याने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, हलणार नाही इतपत घट्ट, आणि नर्स शीर शोधत होती तोवर खिडकीबाहेर बघत राहिला.