तुतीच्या मुठीतला तीर

“कुणी हलू नका,” हे कुजबुजले. आमचे एलीसेओ एरवी असे ओरडतात, की साइहा नदीपलीकडची कुत्री भुंकायला लागतात. आज आवाजच फुटेना. वर आढ्यावर तुती बसली होती आणि तिच्या मुठीत सकाळीच पिवळ्या बेडकाचं विष लावलेला तीर होता. बरोबर खाली झोळीत माझी तान्ही नात झोपली होती.

तुती आमची माकडीण. तिची आई यांच्याच तिरानं पडली. पिल्लाला मी अंगावर पाजून वाढवलं. तिरांना विष लावायच्या दिवशी तिला बांधून ठेवायचं, हा घरचा नियम. आजही यांनी बांधलं होतं. पण ती रडायला लागली, मेलं माझं काळीज पाघळलं आणि मी दोरी सोडली.

हे नेहमी म्हणतात, “पिवळा बेडूक एवढासा, पण कुणाला भीत नाही, भरदिवसा उघड्यावर बसतो. माकड सगळ्यांना भितं, म्हणून शेंड्यावर राहतं. आणि शेवटी बेडूकच त्याला खाली आणतो.” मला हसू यायचं. आज आलं नाही.

यांनी तीर फुंकून मारायची फुंकनळी उचलली.

“अहो, वेड लागलं का? ती पडली तर तीर पोरीवर पडेल!”

“मग काय, बघत बसू?”

“ठेवा ती खाली. नळी बघूनच बावरलीये ती.”

सून ओदिला झोळीकडे सरकली. तुतीनं दात विचकले. ओदिला जागीच थिजली.

मी चुलीपलीकडे लांब जाऊन बसले, छातीवरचं कापड बाजूला केलं. “ये गं बाई माझी, ये.”

तुती खांबावरून उतरली आणि माझ्या मांडीत शिरली. मागचं टोक धरून मी तीर काढून घेतला. तिच्या तळव्यावर बारीकशी लाल रेघ होती.

ओदिलानं पोरीला उराशी धरलं. तुतीनं माझ्या छातीला तोंड लावलं, मग तिचे हात सैल पडले. मी हंबरडा फोडला.

यांनी तिला केळीच्या पानात घेतलं. “सुटली कशी ही?”

“गाठ सैल होती, मामंजी,” ओदिला म्हणाली. तिनं मला दोरी सोडताना पाहिलं होतं.

हे स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. ते मला बघवेना.

“सैल नव्हती,” मी म्हणाले. “मी सोडली.”

ओदिलानं घागर उचलली, माझ्या हातांवर चांगलं तीनदा पाणी ओतलं आणि पोर माझ्याकडे दिली.